इंजन लावायलेत

आमच्या मॅडम. आधी त्यांचं लिहितो, काय झालं ते मग. नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते चालणार नाही. आणि नावानं हाक मी त्यांना कधी मारलेलीही नाही. पुण्यातल्या कार्यालयात त्या हवा मोजायच्या यंत्रांचं काम बघतात. मी परभणीत, एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या गच्चीवर, त्यांच्यापैकी काही यंत्रं राखतो. पुसतो, नळ्या बदलतो, पंप बंद पडला तर कळवतो. शाळा मी आठवीतूनच सोडलेली. माझं गाव खाली सिंधुदुर्गात, समुद्राच्या काठावर. इथून निघालो की गाड्या बदलत बदलत घरी पोचेपर्यंत पाठ मोडते. असल्या माणसाला या गच्चीवर चढवलं ते मॅडमनी, आणि उतरवायची वेळ आली तेव्हा मधे उभं राहणारंही दुसरं कुणी नव्हतं.

मी पुण्यात एसी बसवणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली होतो. मॅडमच्या कार्यालयातल्या यंत्रखोलीचा एसी बसवायला गेलो असताना तिथली एक पांढरी नळी मला बाजूला करावी लागली. मी ती मधोमध धरून उचलली, टोकांना बोट लावलं नाही, आणि टोकांवर स्वच्छ कागद गुंडाळला. यात हुशारी काही नव्हती. एसीच्या तांब्याच्या पाइपात कचरा गेला की कॉम्प्रेसर बसतो, हे मी शिव्या खाऊन शिकलो होतो. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?" मी घाबरलो, वाटलं काहीतरी मोडलं. "कुणी नाही," म्हणालो. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. परभणीला राहशील का? मी हो म्हटलं. परभणी कुठे आहे हे मला धड माहीत नव्हतं. पुण्याच्या जवळपास असेल अशी समजूत.

कार्यालयातल्या मोठ्या सरांना डिप्लोमा झालेला मुलगा हवा होता. दाराबाहेर बसलो असताना आतलं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "शिकवते मी त्याला. जबाबदारी माझी." ते ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला धडकी भरली. स्वतःची नोकरी गेली तर माणूस दुसरी बघतो. दुसऱ्याचा शब्द आपल्यामुळे गेला तर तोंड कुठे दाखवायचं?

तर ही गच्ची. एका बाजूला बंद खोली, तिच्यात एसी, पंप आणि यंत्रं. खोलीवरच्या खांबावरून पांढरी नळी खाली येते आणि बाहेरची हवा यंत्राच्या पोटात नेते. एक यंत्र ओझोन मोजतं. दुसरं गाड्यांच्या, इंजनांच्या धुरातला नायट्रोजनचा वायू मोजतं. उघड्यावर, कोपऱ्यात, काचेचं तोंड आभाळाकडे करून एक यंत्र बसलेलं असतं. ते वर प्रकाश सोडतं. धूळ-धुरावर आपटून जो प्रकाश परत येतो त्यावरून हवा किती उंचीपर्यंत ढवळली गेलीय ते कळतं. माझं काम त्याची काच पुसायचं. दुसरं काम गाळणीचा गोल कागद चिमट्यानं बदलायचं, हात न लावता.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हवा कशी रे मोजतत? पायलीन काय?" मी हसलो, पण तिला नीट सांगता येईना. मॅडमनी मला ज्या शब्दांत शिकवलं ते शब्द मात्र डोक्यात राहिले. शिळा धूर उन्हात शिजला की ओझोन होतो. ताजा धूर आला की तो ओझोनला खाऊन टाकतो. आणि हवेला झाकण असतं. थंडीत सकाळी ते झाकण खाली असतं, म्हणून धूर घरांच्या छपरांवर पसरून राहतो. ऊन चढलं की जमीन तापते, झाकण वर सरकतं, हवा ढवळते, धूर विरळ होतो. पहिल्या हिवाळ्यात मी ते डोळ्यांनी बघायचो. सकाळी गच्चीवरून बघितलं की शहराच्या अंगावर राखाडी चादर ओढलेली असायची, आणि दुपारी ती कुणीतरी झटकून वर फेकल्यासारखी नाहीशी व्हायची. आमच्याकडे पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, होड्या त्यावर बाहेर पडतात. इथे तसा वारा नाही. इथे सकाळी काही हलत नाही. मलाच आत काहीतरी हलल्यासारखं होत राहायचं.

स्वभावच तसा. खोलीचं कुलूप लावून खाली आलो की परत वर जाऊन ओढून बघायचं. पंपाचा आवाज बदलला का, म्हणून कान लावून उभं राहायचं. जेवताना मोबाइल उपडा ठेवायचा आणि दर घासाला उलटा करून बघायचा. पुण्याचा फोन आला की उचलायच्या आधी पंपाकडे बघून घ्यायचं. संस्थेचे शिपाईमामा मला म्हणायचे, "ओ कोकण, तुमी लय बावरल्यावानी करता. यंत्र काय उडून जायलंय का?"

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला खरंच फोन आला.

मोठे सर होते. आवाज शांत. ओझोनची दुपारची रेघ चढत जायला हवी, ती मधेच धाडकन खाली पडते, थोड्या वेळानं परत वर येते, म्हणाले. रोज. दुपार टळल्यावर जास्त. असं कुणी नळी काढली, किंवा यंत्राचा प्लग काढून तिथे दुसरं काही लावलं, तरच होतं. मी म्हणालो, "सर, मी नळीला हात लावत नाही." ते म्हणाले, "मी कुठे म्हणतोय तू लावतोस? फक्त एक गोष्ट बघ. सोमवारी रेघ सरळ असते."

सोमवारी माझी सुट्टी. रविवारी संस्था बंद, राखायला कुणी नसतं, म्हणून रविवारी मी असतो आणि सोमवारी खोलीची किल्ली मामांकडे. सरांचं म्हणणं एवढंच, की मी गच्चीवर असतो तेव्हा यंत्र बिघडतं आणि मी नसतो तेव्हा सुधारतं. ते जवळजवळ मायेनं म्हणाले, "चहा-बिहा करतोस का रे तिथे? किटली वगैरे? करत असशील तर सांग. रागावणार नाही."

किटली माझ्याकडे नव्हती. पण त्यांनी विचारल्यावर मलाच शंका आली. एखाद्या वेळी मोबाइल चार्जिंगला लावताना धक्का लागला असेल का? मी सगळे प्लग बघितले. नळीचा प्रत्येक जोड बघितला. गाळणीचा कागद नवा घातला. मग यंत्रासमोर स्टूल घेऊन बसलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा पडला. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, कशाला शिवलोही नव्हतो. तो खाली गेला, तिथे रेंगाळला आणि वर आला. मला वाटलं, आता हे कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, तू तिथेच होतास ना.

धुराचं यंत्र जागेवर असतं तर एका मिनिटात कळलं असतं. ताजा धूर आला असता तर त्याचा आकडा उसळला असता. पण ते त्याच वेळी दुरुस्तीला पुण्यात गेलेलं. ओझोनचं यंत्र एकटं, आणि मी एकटा.

मॅडमनी संदेश पाठवला: आसपास कुठे इंजन, जनरेटर, काही जाळणं, नीट चौकशी कर. मी मामांना गाठलं. ते व्हरांड्यात तंबाखू मळत होते.

"मामा, आपल्या जवळपास कुणाचं इंजन आहे का हो?"

"हाय की. मागल्या बोळात ते मानवतचे रसवंतीवाले इंजन लावायलेत. उन्हाळा आला न्हाई का."

मी सोमवारी मुद्दाम मागच्या बोळात जाऊन आलो. कडुलिंबाच्या आड पत्र्याची शेड, उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या, चरकावर फडकं, आणि इंजनावर पोतं टाकून दोरीनं आवळलेलं. माणूस कुणी नव्हतं. म्हणजे मामांचं बरोबर होतं. इंजन अजून लावायचंय, आणून ठेवलंय फक्त. मी सरांना तसं कळवलं. मागे रसवंतीवाले इंजन लावणार आहेत, पण अजून लावलेलं नाही, मी स्वतः बघून आलो. सरांनी लगेच उलट कळवलं: बरं, म्हणजे तेही कारण नाही.

आवाज ऐकू यायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. पण यंत्रखोलीत पंप आणि एसी मिळून इतका घूं असतो की बाहेर ढोल वाजला तरी कळत नाही. गच्चीवर आलं तर समोरची पिठाची गिरणी, पलीकडे कुठेतरी बोअर मारायची गाडी. उन्हाळ्यात परभणीत फटफट कुठून ना कुठून चालूच असते. त्यातली कुठली कुणाची, कोण बघतो.

पुढच्या आठवड्यात सरांनी सांगितलं की महिनाअखेरीला डिप्लोमावाला मुलगा येतोय, त्याला सगळं दाखवून दे. मी हो म्हटलं. माझं जेवण तुटलं. आईला काय सांगायचं याची वाक्यं मी जिन्यावर चढता-उतरता जुळवायचो आणि मोडायचो. त्याहून वाईट म्हणजे मॅडम गप्प होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटायचं, त्या खोलीत बसून कुणीतरी त्यांना म्हणत असेल, बघा, आम्ही सांगितलं होतं, आठवीतला मुलगा.

त्या मुलाच्या येण्याआधी एक बैठक झाली. पुण्यात सगळे टेबलाभोवती, आणि मी फोनवर, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सरांनी एकेक कारण वाचलं आणि खोडलं. वीज नाही. नळी फुटलेली नाही. इंजन नाही, कारण ते अजून लावायचंय. मग मॅडमचा आवाज आला.

"मला एक सांग. मामा तुला काय म्हणाले? तू काय समजलास ते नको. त्यांचे शब्द सांग."

मी आठवून सांगितलं, "मागल्या बोळात रसवंतीवाले इंजन लावायलेत."

मॅडमनी तिथेच अडवलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी फोनवर पहिल्यांदाच ऐकलं.

"सर, इंजन चालू आहे," त्या म्हणाल्या. "लावायलेत म्हणजे लावणार आहेत असं नाही. लावतायत. आत्ता, रोज."

"लावायला आहेत, असंच म्हणाला ना तो?" सर म्हणाले.

"नाही सर. तिकडं बोलायची रीतच ती. मी जेवायले म्हणजे मी जेवतेय, ताट पुढ्यात आहे. पाऊस यायलाय म्हणजे अंगावर पडतोय. यायचाय म्हणजे यायचा बाकी आहे, ते वेगळं."

"तुम्हाला कसं माहीत?" कुणीतरी विचारलं.

 मॅडम ज्या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात म्हणाल्या, "कसं म्हंजी? बोरीची हाय मी. जिंतूर तालुका. आमच्या घरात असंच बोलायलेत सगळे."

कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "मॅडम, आम्ही तर तुम्हाला सदाशिव पेठेतल्या समजत होतो." आणखी हसणं. मीही तसंच समजत होतो. मॅडमचं बोलणं इतकं घासूनपुसून असायचं, की त्यांच्याशी बोलण्याआधी मी माझी वाक्यं मनात धुऊन घ्यायचो. मी ज्या जिल्ह्यात परका म्हणून राहत होतो, तो त्यांचा होता, आणि त्यांनी ते मला एकदाही सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मागचं एकेक आठवायला लागलं. मी डबा उघडून बसलेला असायचो, मामा दारात येऊन विचारायचे, "जेवायलाव का?" आणि मी ते निमंत्रण समजून डबा झाकायचो, "हो, येतो की," म्हणून उठायचो. मामा माझ्याकडे बघत राहायचे, मी त्यांच्याकडे. कोकणातली माणसं जेवता जेवता उठतात, असं त्यांचं मत झालं असणार. संध्याकाळी ते म्हणायचे, "मी जायलोय," आणि मी विचार करायचो की कधी जाणार आहेत, विचारावं का. वर बघावं तर मामा फाटकाबाहेर.

सरांना मात्र शब्दावर भागणारं नव्हतं. "ठीक आहे, असेलही इंजन. पण आकडा त्यामुळेच पडतो हे दाखवा. नाहीतर तो मुलगा येतोच आहे." मॅडम म्हणाल्या, मी जाते.

त्या आल्या त्या दिवशी मी सकाळपासून तीन वेळा काच पुसली. मॅडम आल्या आल्या वर आल्याच नाहीत. आधी व्हरांड्यात मामांशी बोलत बसल्या. जिन्यावरून ऐकू येत होतं.

"मामा, ह्या कोकणीला तुमी बरोबर सांगितलं होतं. ह्यालाच कळालं न्हाई."

"मंग कामून लावलं न्हाई म्हणला त्यो? मी तं रोज ऐकायलोय ते इंजन. कान कामातून गेलं माझं."

मला जिन्यातच बसावंसं वाटलं.

ठरलं असं. मॅडम खाली रसवंतीवर, मी वर यंत्रासमोर, मधे फोन. त्या सांगतील तेव्हा इंजन सुरू, सांगतील तेव्हा बंद. रसवंतीवाला मानवतचा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. ऊस सोनपेठकडून आणायचा. पहिल्यांदा त्यानं मॅडमनाच उलट विचारलं होतं, "आमचं दुकान उठवायलाव का तुमी?" मॅडम म्हणाल्या, "न्हाई हो भाऊ. तुमचं काय चुकलं न्हाई. आमचीच नळी कुठल्या कोपऱ्यात हाय ते बगायचंय." त्याला ते पटलं नव्हतं, पण पाहुणी गाववाली निघाली म्हणून तो तयार झाला.

ऊन डोक्यावर. फोनमधून मॅडम म्हणाल्या, "लावलं."

मी आकड्याकडे बघत राहिलो. आकडा होता तिथेच.

"पडला?"

"नाही."

"थांब." मग, "आता?"

"नाही, मॅडम."

त्यांनी बंद करायला लावलं, परत लावलं. आकडा उलट थोडा वर गेला. मला घाम फुटला, एसीच्या खोलीत. मनात आलं, म्हणजे मीच. कसा ते कळत नाही, पण मीच काहीतरी करतोय. मॅडम एवढ्या लांबून आल्या, सगळ्यांसमोर बोलल्या, आणि आता माझ्यामुळे मान खाली घालून परत जाणार.

"ऐक," मॅडम म्हणाल्या. "वर बघणाऱ्या यंत्राचं चित्र उघड. रंग किती उंच गेलाय?"

"लय उंच," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते लय कसं निघालं, कळलं नाही.

"वारा कुठून?"

मी मांडणीवरच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बघितला. "नळीकडून तुमच्याकडे. जोरात."

"मग बरोबर आहे. जमीन तापलीय, हवा ढवळायलीय, त्यात वारा उलटा. धूर तुझ्याकडं येणारच नाही, वर जाऊन विरायलाय. पुण्यात दिसते ती रेघ दुपार टळल्यावर पडते, आठवतंय? थांबू आपण."

आणि त्या थांबल्या. मला दर थोड्या वेळानं खिडकीतून खाली वाकून बघावंसं वाटायचं, पण खिडकीतून फक्त कडुलिंब दिसायचा. फोन चालूच होता. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. गिऱ्हाईक यायचं, इंजन धडधडायचं, घुंगरं वाजायची, इंजन थांबायचं. रसवंतीवाल्याची बायको विचारत होती, मॅडमना लेकरं किती. तो मधेच म्हणाला, "मॅडम, अजून एक गिलास घ्यायलाव? पोट हाय का हौद?" मॅडम म्हणाल्या, "द्या. आलं जास्त पिळा." मी त्यांना एकदा म्हणालो, "मॅडम, तुम्ही वर येऊन बसा, उन्हात..." तर म्हणाल्या, "तू बाण बघ."

बाण हळूहळू डुलायला लागला. आधी थोडा वळला, मग सुस्तावला, मग उलटा फिरला आणि तिथेच राहिला. कडुलिंबाची पानं थांबली. मी म्हणालो, "मॅडम, वारा मंदावला. तुमच्याकडून माझ्याकडे."

"भाऊ, लावा."

 आकडा हलला, मग घसरला, मग जिना उतरावा तसा खाली गेला.

"पडला," मी म्हणालो. "निम्म्याच्या खाली."

"बंद करा." थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. "लावा." पडला. "बंद." चढला.

"परत लावा, भाऊ."

"रिकामं इंजन पळवायलोय मी," रसवंतीवाला म्हणाला. "डिझेल काय गोदावरीतून येतंय का?"

मॅडमनी परत लावायला लावलंच. मग त्यांनी त्याला सोमवारचं विचारलं. तो म्हणाला, "सोमवार महादेवाचा. सोमवारी आमी इंजनाला हात लावत न्हाई. बापापासून तसंच." एवढंच होतं ते. माझी सुट्टी आणि त्याचा देव एकाच दिवशी.

पुण्याला सगळं त्याच संध्याकाळी गेलं. सर म्हणाले, "ठीक आहे." डिप्लोमावाल्या मुलाला दुसऱ्या शहरात पाठवलं. नळीचा खांब आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात, अजून उंच नेला. धुराचं यंत्रही दुरुस्त होऊन आलं. रसवंती आहे तिथेच आहे. अहवालात 'स्थानिक स्रोत आढळला, नळी हलवली' एवढं लिहिलं गेलं. त्यात काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला बोरीला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्यांच्या आईच्या शाळेतला निरोपाचा फोटो. आई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, आणि भाकरी. मासे खाणाऱ्या माणसाला ती आमटी इतकी तिखट लागली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि आईंना वाटलं मी रडतोय. रडतच होतो म्हणा थोडा.

मॅडम हात धुवायला बाहेर गेल्या तेव्हा आई म्हणाल्या, "पयल्या साली पुण्याला गेली तं वर्गात उभी राहून म्हणली, सर, मी लिवायले. समदा वर्ग हासला. त्या दिवसापासून हिनं आपली बोली खुटीला टांगली. माझ्याशी फोनवरबी पुस्तकावानी बोलायची. मी म्हणायची, बाई, मास्तरीण मी हाय का तू?"

मॅडम आत आल्या, आणि आईंनी माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

हे मला आधी कळलं असतं तर बैठकीत मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. काही करू शकलो नसतो. मामांचे शब्द तेच राहिले असते, आणि ते सोडवायला मॅडमनाच बोलावं लागलं असतं. इतकी वर्षं ज्या हसण्यापासून त्यांनी स्वतःला लांब ठेवलं, ते त्यांनी माझ्यासाठी एका वाक्यात परत घरी आणलं.

आता पुण्याशी बोलताना मागचं ऐकू येतं. "मॅडम, चहा प्यायलाव का?" "मॅडम, मीटिंगला यायलाव ना?" म्हणणारी माणसं वाईट नाहीत. गमतीनं म्हणतात. मॅडम कधी हसतात, कधी ऐकलंच नाही असं करतात. त्यांना लागतं की नाही, मला फोनवरून कळत नाही, आणि ते न कळणं मला चैन पडू देत नाही. एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला..." त्यांनी मधेच विचारलं, "गाळणी बदललीस का?" म्हटलं, बदलली. "मग फोन ठेव."

मी अजून इथेच आहे. करार थोड्या थोड्या मुदतीचा असतो, तो संपत आला की माझं तेच, कुलूप ओढून बघणं, कान लावणं. मामा म्हणतात, कोकण काय सुधरायला तयार न्हाई. मात्र "जेवायलाव का?" विचारलं की आता मी तोंडातला घास दाखवतो.

पण एक ठरवलंय. आमच्यासारख्या गच्च्या राखणाऱ्यांना अधूनमधून पुण्याला बोलावतात, त्या टेबलाभोवती बसवतात आणि आपापल्या जागेबद्दल चार वाक्यं बोलायला सांगतात. आजवर मी ती वाक्यं पाठ करून, धुऊन, शुद्ध करून बोललो, आणि बसलो. पुढच्या खेपेला मी माझ्या आईशी बोलतो तसा बोलेन. मालवणीत, हेल काढून, जसं येईल तसं. हसतील. हसू देत. दोघांत वाटलं तर मॅडमच्या वाट्याला निम्मं येईल. तेवढ्यानं फिटणार नाही, मला माहीत आहे, आणि ती खेप कधी येईल तेही माहीत नाही.  तरी मी बोलेन, मॅडम. तुमचं एवढं तरी मी फेडीनच.